बटण दाबलं, पुढं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिन्याभरापूर्वी आपल्या पुरवणीत घरच्या घरी कॉम्प्युटर कसा जोडायचा यावर अख्खं पान आलं होतं. चित्रं छान होती. प्रोसेसर कसा ठेवायचा, रॅम कशी दाबायची, सगळं क्रमानं सांगितलं होतं. शेवटची पायरी बटण दाबायची, आणि तिथंच पान संपलं. ते पान कापून, समोर चिकटवून आम्ही कॉम्प्युटर जोडला, बटण दाबलं आणि काहीही झालं नाही. पुढच्या अडीच दिवसांचं हे पत्र आहे. लांबणार आहे, हे आधीच सांगते. कात्री लावायचीच झाली तर आमच्या घरच्या गप्पांवर लावा, वायरींवर लावू नका.

सांगलीच्या गावभागात आमचा लहानसा छापखाना आहे. ऑफसेटचं मशीन आमचे हे बघतात, कॉम्प्युटर माझ्याकडे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, कुणाच्या दहाव्याचा मजकूर. १९९६ साली पहिला पेंटियम आला तेव्हापासून मजकूर मीच लावते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा दुकानात शिरली, तेव्हा वरच्या फळीवरचा मॉनिटर तेवढा वाचला. पुरानंतर सेकंडहँड घेतलेल्या कॉम्प्युटरवर इतकी वर्षं काढली. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं थांबवला. आमचा प्रोसेसर इंटेलचा सातव्या पिढीचा, आणि विंडोज ११ ची पंगत साधारण आठव्या पिढीपासून मांडलेली. नवा घेणं आलं.

माझा भाचा आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. तो म्हणाला, "मावशी, तयार घेऊ नको, आपण जोडू." त्यानं यादी केली. त्याच दिवसांत रॅमचे भाव असे चढत होते, की सराफाच्या दारातली पाटी वाचावी तसे तो रोज सकाळी मला ते वाचून दाखवायचा. शेवटी दोघं रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालो, सकाळी दादरला उतरलो आणि लोकलनं ग्रँट रोड गाठलं. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून, एकाच बिलावर प्रोसेसर, मदरबोर्ड (बाकी सगळं ज्यावर बसतं तो बोर्ड) आणि रॅम घेतली. एसएमपीएस (आतल्या सगळ्याला वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट आणि डिस्क दुसरीकडे. ६८ हजार गेले. येताना मांडीवर बोर्डाचा खोका धरून बसले होते, बाळंतिणीनं बाळ घरी आणावं तसं.

इथं मी एक शहाणपणा केला. नवा येणार म्हणून जुन्याची हार्ड डिस्क काढून घेतली आणि डबा भाचीला देऊन टाकला. ती गडहिंग्लजला. म्हणजे मंगळवारी दुपारी दुकानात एकच कॉम्प्युटर होता आणि तो चालत नव्हता. बुधगावच्या एका लग्नाच्या ४०० पत्रिका शुक्रवारी द्यायच्या होत्या. मुलीचे वडील दोनदा येऊन गेले, "वहिनी, पहिली पत्रिका गणपतीला ठेवायचीय, तेवढी तरी गुरुवारी काढा."

तर बटण दाबलं. पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही, आवाज नाही. भाच्याचा चेहरा पडला. मला आठवलं आमच्या ह्यांचं वागणं. ऑफसेटवर कागद अडला की हे मशीनवर चिडत नाहीत. फीडरपासून कागदाच्या मागं चालत जातात. सकर कागद उचलतोय का, ग्रिपर धरतोय का, ब्लँकेटपर्यंत, म्हणजे छाप उमटवणाऱ्या रबरापर्यंत पोचतोय का. जिथवर कागद नीट आला तिथवरचं सोडून द्यायचं, अडला तिथं हात घालायचा. मी म्हटलं, आपण विजेच्या मागं चालत जाऊ. भिंतीपासून सुरू.

भिंतीच्या प्लगला टेबललँप लावला, लागला. वायर ठीक. एसएमपीएसच्या पाठीमागं एक लहान खटका असतो, त्याच्या एका बाजूला रेघ, दुसऱ्या बाजूला शून्य. आमचा शून्याकडं होता. हसू आलं, पण खटका बदलूनही काही झालं नाही, तेव्हा हसू गेलं.

मग एसएमपीएस एकटाच तपासला. त्याच्यातून बोर्डाला जाणारा २४ पिनांचा मोठा सॉकेट असतो. त्यातली एक वायर म्हणजे 'चालू हो' सांगणारी. जुन्या एसएमपीएसमध्ये ती हिरवी असायची, शेजारची काळी. नव्यात सगळ्याच वायरी काळ्या, त्यामुळं मोजावं लागतं. सॉकेटच्या कडेला अडकवायचा खटका असतो, तो वर धरून भोकांच्या बाजूनं बघितलं की वरच्या रांगेतली डावीकडून चौथी. ती आणि तिच्या शेजारची, या दोन भोकांत वाकवलेली यू-पिन घालायची आणि मग वीज द्यायची. म्हणजे बोर्डाऐवजी आपणच 'चालू हो' म्हणतो. पिन घालताना प्लग काढलेला हवा, सॉकेट बोर्डातून निघालेला हवा आणि भोकं दोनदा मोजलेली हवीत. एसएमपीएसचा पंखा फिरला. भाच्यानं मल्टिमीटर लावला, १२ च्या जागी १२.१ व्होल्ट, ५ च्या जागी ५.०५, ३.३ च्या जागी ३.३३. पाच टक्के इकडंतिकडं चालतं, असं तो म्हणाला. हे जमत नसेल तर करू नये. आणि एसएमपीएसचा डबा तर कुणीच उघडू नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो.

म्हणजे वीज बोर्डापर्यंत येत होती. राहिलं बटण. कॅबिनेटच्या दर्शनी भागातून चार-पाच बारीक वायरी येतात, त्यांच्या टोकाला तांदळाएवढे सॉकेट, आणि ते बोर्डाच्या कोपऱ्यातल्या नऊ पिनांवर बसवायचे. पाच पिनांची एक रांग, चारांची दुसरी. एक जागा मुद्दाम रिकामी, उलटं बसू नये म्हणून. कुठली जोडी कशाची ते बोर्डावर छापलेलं असतं, पण ती अक्षरं माझ्या लग्नपत्रिकेतल्या 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'पेक्षाही बारीक. छापखान्यात ठिपके तपासायला आम्ही जे भिंग वापरतो ते मी आणलं आणि पिनांवर ठेवलं. चारांच्या रांगेत पहिल्या दोन पिना दिव्याच्या, पुढच्या दोन बटणाच्या. भाच्यानं बटणाची वायर पाचांच्या रांगेत रीसेटच्या जागी घातली होती. खात्री करायला वायरी काढल्या आणि बटणाच्या दोन पिनांना पेचकसाचं टोक क्षणभर टेकवलं. पंखे फिरले. बटण म्हणजे तेवढंच, दोन पिना क्षणभर जोडणं.

टाळ्या झाल्या. चहा झाला. मॉनिटर काळाच होता.

आता हा दुसरा प्रकार, आणि लोक फसतात ते इथं. पंखे फिरतात, दिवे लागतात, डिस्प्ले येत नाही. बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःलाच तपासतो. प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, चित्र दाखवायला काही आहे का, आणि मग डिस्कवर विंडोज शोधतो. आमच्या पेंटियमच्या काळात हे सगळं तो बोलून दाखवायचा. आत एक पिटुकला स्पीकर असायचा. एक आखूड टीं म्हणजे सगळं ठीक. रॅम हलली असली तर लांब लांब टीं टीं थांबेचना. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्ड. कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तशी मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि तिथूनच ह्यांना सांगायची, "रॅम काढून खोडरबरानं पुसा." खोडरबरानं सोनेरी पट्टी घासली की निम्मे कॉम्प्युटर सुरू व्हायचे, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

नव्या कॅबिनेटमध्ये तो स्पीकर नाही. बोर्डावर त्याच्या चार पिना आहेत, पण स्पीकर खोक्यात नाही. इतका महागाचा बोर्ड, आणि वीस-तीस रुपयांचा स्पीकर द्यायला हात आखडतो. त्याऐवजी बोर्डाच्या कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, डीरॅम म्हणजे रॅम, व्हीजीए म्हणजे डिस्प्ले, बूट म्हणजे डिस्कवरचं विंडोज. जिथं तपासणी अडते तो दिवा पेटून राहतो. हे आपल्या पानात नव्हतं, बोर्डाच्या पुस्तिकेत विसाव्या का बाविसाव्या पानावर होतं. त्या पुस्तिकेत युरोपातल्या निम्म्या भाषा आहेत. मराठी सोडाच, हिंदीही नाही. आमचा सीपीयूचा दिवा लाल पेटून राहिला होता. झाकण लावलं असतं तर तो दिसलाही नसता.

इथं मी घाबरले, आणि घाबरल्यावर माणूस तज्ज्ञ बोलावतो. आमच्याच पेठेतला एक दुरुस्तीवाला आला. उभ्या उभ्या बघितलं, एकदा बटण दाबलं, म्हणाला, "ताई, बोर्ड उडालाय. दुसरा घाला." तीन मिनिटांचे ३०० रुपये घेतले. मुंबईच्या दुकानाला फोन लावला. पलीकडचा माणूस गोडच बोलला, पण पहिलाच प्रश्न, "मॅडम, तुम्ही स्वतः बसवलंत ना?" हो म्हटलं. "मग पिन वाकवली असणार. वाकलेल्या पिनेला वॉरंटी नसते. हवं तर मुंबईला घेऊन या, बघतो." म्हणजे दोघांनीही निकाल आधी दिला, खटला चालवलाच नाही.

स्वतः बसवलंत ना, हा प्रश्न मला फार लागला. तीस वर्षं मी कॉम्प्युटरवर पोट भरते. पुरात बुडलेला कीबोर्ड एकेक बटण काढून धुऊन मी चालू केलाय. त्या रात्री जेवण झाल्यावर भाच्याला म्हटलं, सगळं परत बाहेर काढ.

बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. याला कारण आहे. बोर्डाखाली पितळी खुंट्या असतात. एखादी नको तिथं राहिली की बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो. पुठ्ठ्यावर ती शंका मिटते. आमच्या खुंट्या बरोबर होत्या. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वेगळी वायर असते, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात. ती विसरली तरी पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. ती काढून परत बसवली, खट् आवाज येईपर्यंत. रॅमची एकच पट्टी ठेवली, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, पुस्तिकेत सांगितलं तिथं. सवयीनं खोडरबर हातात घेतला तर भाचा म्हणाला, "मावशी, ती नवीकोरी आहे." तरी मी घासली. फरक पडला नाही. नाण्याएवढी बॅटरी काढून पाच मिनिटांनी घातली, म्हणजे बोर्डाच्या आठवणीतलं सेटिंग पुसलं जातं. तोच लाल दिवा.

मग पिना. या नव्या एएम५ जातीच्या बोर्डात पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डातच असतात. १७१८ पिना. पंखा काढला, प्रोसेसर उचलला आणि भिंग थेट त्या पिनांवर धरलं. संपादक महोदय, तुम्ही छपाईतले आहात, तुम्हाला सांगितलं की लगेच कळेल. काळ्या-पांढऱ्या फोटोची स्क्रीन भिंगाखाली कशी दिसते, ठिपक्यामागं ठिपका, सगळे एकाच कोनात? तशाच त्या पिना. एखादा ठिपका सुटला असता तर तीस वर्षांच्या सवयीनं नजर तिथंच अडखळली असती. रांग रांग करत पाऊण तास बघितलं. टॉर्च आधी डावीकडून, मग उजवीकडून. एकही पिन वाकलेली नव्हती. रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मला भयंकर आनंद झाला होता, कारण दुकानदार खोटा ठरला होता. कॉम्प्युटर अजून बंदच होता, ती गोष्ट वेगळी.

बुधवारी सकाळी उत्तर सापडलं ते खोक्यावर. भाचा खोका भंगारात टाकायला निघाला होता. मी म्हटलं, थांब, खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखव. छापखान्यातली खोड, छापलेलं न वाचता टाकवत नाही. एका कोपऱ्यावर बोर्ड तयार झाल्याचं साल होतं, २०२३. आणि आमचा प्रोसेसर एएमडीच्या रायझन ९००० मालिकेतला. ती मालिका बाजारात आली ऑगस्ट २०२४ मध्ये. २०२३ मध्ये तयार झालेल्या बोर्डाला २०२४ मध्ये जन्मलेला प्रोसेसर कसा ओळखू येणार? खाच तीच, पिना त्याच, बसतो अगदी नीट. पण बोर्डाच्या आत बायोस नावाचा एक लहानसा प्रोग्राम असतो, सगळ्यात आधी जागा होतो तो. त्यात ओळखीच्या प्रोसेसरांची नावं असतात. पाहुणा यादीत नसेल तर तो दार उघडत नाही. आमच्या सीपीयूच्या लाल दिव्याचा अर्थ 'प्रोसेसर खराब आहे' असा नव्हता, 'हा कोण, मी ओळखत नाही' असा होता.

यात प्रोसेसर बनवणाऱ्यांची चूक मी धरत नाही. एकच खाच बरीच वर्षं चालते, तीत पुढं नवा प्रोसेसर घालता येतो, हा उलट गिऱ्हाइकाचा फायदा. बोर्ड बनवणाऱ्यांनीही आपल्या वेबसाइटवर यादी दिली आहे, कुठला प्रोसेसर बायोसच्या कुठल्या आवृत्तीपासून चालतो त्याची. भाच्यानं ती मोबाइलवर उघडली. आमच्या प्रोसेसरपुढचा आकडा आणि बोर्डावरच्या चिकटपट्टीतला आकडा यांच्यात चांगलं वर्षभराचं अंतर होतं. माझा राग आहे तो विकणाऱ्यावर. एकाच बिलावर दोन्ही विकताना त्याला हे ठाऊक असायला हवं. रोजचा धंदा आहे. आम्ही पत्रिका छापताना तिथी आणि तारीख जुळते का ते बघतो, ते काही आमच्याकडं कुणी लिहून दिलेलं नसतं.

उपाय फुकटचा निघाला. बऱ्याच नव्या बोर्डांच्या पाठीमागं एक बारीक बटण असतं, आणि एका यूएसबी खाचेभोवती खूण केलेली असते. प्रोसेसर ओळखीचा नसला, किंबहुना बसवलेलाच नसला, तरी त्या खाचेतल्या पेन ड्राइव्हवरून बोर्ड नवा बायोस स्वतःच उतरवून घेतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा, फाइल बोर्डाच्या अगदी त्याच मॉडेलची हवी आणि तिला पुस्तिकेत दिलेलंच नाव द्यावं लागतं, एका अक्षराचाही फरक चालत नाही. शेजारच्या महा-ई-सेवा केंद्रात जाऊन फाइल उतरवून आणली. तिथं उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग होती. त्या रांगेतल्या माणसांनी आम्हाला पुढं सोडलं, कारण भाचा म्हणाला, "पत्रिका अडकलीय."

आता धोका एकच. बायोस उतरत असताना वीज गेली तर बोर्ड खरंच जाऊ शकतो. म्हणजे दुरुस्तीवाला म्हणाला होता ते आपण स्वतः खरं करून दाखवायचं. आणि बुधवार म्हटला की आमच्याकडं दुरुस्तीच्या नावाखाली लाइट कधी जाईल सांगता येत नाही. जुना यूपीएस होता, तो लावला. ह्यांना म्हटलं ऑफसेट बंद करा, मोटर सुरू होताना दिवे मिणमिणतात. हे कधी नव्हे ते काही न विचारता बंद करून दारात येऊन उभे राहिले. पेन ड्राइव्ह घातला, बटण तीन सेकंद दाबलं. शेजारचा दिवा लुकलुकायला लागला. मी घड्याळ बघत बसले. तिसऱ्या मिनिटाला रस्त्यावर कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला तर तिघंही दचकलो. सहाव्या मिनिटाच्या आसपास दिवा लुकलुकायचा थांबला.

बटण दाबलं. पंखे फिरले. सीपीयूचा दिवा लागला आणि गेला! त्याच्या शेजारचा डीरॅमचा दिवा पेटला, आणि पेटूनच राहिला. मॉनिटर काळा. एक मिनिट. दीड मिनिट. भाचा म्हणाला, "आता रॅम गेली," आणि त्याचा हात बटणाकडं गेला. मी त्याचं मनगट धरलं. सकाळी यादी शोधताना त्याच पुस्तिकेत मी एक ओळ वाचली होती, की पहिल्यांदा सुरू होताना डीडीआर५ रॅमला वेळ लागतो, बंद करू नका. ही नवी रॅम इतक्या वेगानं चालते की बोर्डाला आधी तिच्याशी ताल जुळवून घ्यावा लागतो, गायकानं तंबोरा लावून घ्यावा तसा. तेवढा वेळ पडदा काळाच राहतो. घाईनं बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. किती जणांनी याच टप्प्यावर चांगला कॉम्प्युटर दुकानात परत नेला असेल, देव जाणे. साडेतीन मिनिटांनी पडद्यावर बोर्ड बनवणाऱ्याचं चिन्ह उमटलं. ह्यांनी दारातूनच विचारलं, "आता मशीन लावू का?"

रात्री विंडोज आणि फॉन्ट चढवले. गुरुवारी दुपारी नव्या कॉम्प्युटरवर पहिला मजकूर लावला तो 'श्री गणेशाय नमः', आणि बुधगावच्या पत्रिकेचं प्रूफ चार वाजता दिलं. मुलीच्या वडिलांनी वराच्या आत्याचं नाव राहिल्याचं सांगितलं, ते घालून पुन्हा काढलं. ऑफसेट रात्री अकरापर्यंत चालला.

शुक्रवारी मी मुंबईच्या दुकानाला परत फोन केला. भांडायला केला होता, खरं सांगते. पण तो माणूस सगळं ऐकून म्हणाला, "आमच्याकडं तो लॉट जुना होता." बस. म्हणजे ठाऊक होतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की विकणाऱ्यानं प्रोसेसर आणि बोर्ड एकत्र देताना बायोस नवा करून द्यावा. दुकानात दहा मिनिटांचं काम आहे. ते जमत नसेल तर बिलावर एक ओळ लिहावी, अमुक आवृत्तीचा बायोस आहे, या प्रोसेसरला नवा लागेल. बिलावर १८ टक्के जीएसटीची ओळ छापायला जागा असते, तिच्याखाली हीही मावेल. आणि 'स्वतः बसवलंत ना' या प्रश्नानं फोन सुरू करू नये. आधी विचारावं, कुठला दिवा पेटलाय.

माझ्या ओळखीतल्या एका वकिलांनी सांगितलं, तक्रार करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही काढलंय, त्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या वस्तू येतात. मी तक्रार केली नाही. माझा कॉम्प्युटर चालू झालाय, आणि लग्नसराईत मला वेळ नाही. पण ज्याच्याकडं भिंग नाही, आयटीआयचा भाचा नाही, तो बिचारा दुसरा बोर्ड विकत घेतो आणि पहिला चांगला बोर्ड भंगारात जातो. तो बोर्ड बिघडलेला नव्हताच, हे त्याला कधी कळतही नाही.

तेव्हा आपल्याला विनंती, त्या पानाचा दुसरा भाग काढा. 'बटण दाबूनही सुरू झाला नाही तर' असं मथळ्यातच लिहा. चार दिव्यांचं चित्र मोठं छापा, नऊ पिनांचंही, माझ्यासारख्या चष्मेवालीला भिंगाशिवाय दिसेल एवढं. रंगीत नको, काळ्या शाईत चालेल. आणि मराठीत छापा, खोक्यातल्या पुस्तिकेत ती जागा अजून रिकामीच आहे.

आपली,
एक डीटीपीवाली, गावभाग, सांगली
(नाव आणि पत्ता आपल्याकडं दिला आहे, छापू नये. तो दुकानदार नुसत्या वर्णनानंही स्वतःला ओळखेल.)

ता. क. : हे पत्र टाकायच्या आधी भाच्यानं मिरजेहून तो पिटुकला स्पीकर आणला, तीस रुपयांना. चार पिनांवर बसवला आणि कॉम्प्युटर सुरू केला. एक आखूड टीं वाजली. आमचे हे ऑफसेटच्या खोलीतून ओरडले, "कोण आलंय गं?"